तिर्री दोनदा

राइस मिलच्या काट्यावर मी दिवसभर पोती लिहितो:
वजन, ओलावा, बारदाना वजा.
रात्री त्याच वहीच्या उलट्या बाजूनं
मेंढीकोटची टूर्नामेंट लिहितो.

यंदा बत्तीस जोड्या.
नवरगावच्या चार, एक तर पार मूलहून
मोटरसायकलवर, डोक्याला गमछे बांधून.
आणि बेबीताई नागोसे, सोबत सून सुकेशिनी,
घरी तीन दिवसांचा अबोला,
पानांत मात्र भुवई न हलवता एकमेकींना कळणाऱ्या.
हे सगळं मी लिहिलं. अबोला नंतर खोडला.

कोण जिंकलं ते शेंबडं पोरही सांगतं.
माझ्याकडे येतात ते, बंद हुकूम
कितव्या हाताला उघडला ते विचारायला,
राजा असताना गुलाम काहून पाडला,
आणि पाडायच्या आधी किती वेळ लावला.
पत्रू बोरकुटेनं एकदा विडी विझेपर्यंत लावला होता.
तेही आहे, पान सतरा.

सेमीफायनल. हिरामण कोवे,
ज्यानं अर्ध्या मुरमाडीला पानं पिसायला शिकवलं.
समोर भिडू म्हणून जावई, लग्नाला सहा महिने.
पाचवा हात, किलवर.
मूलवाल्यांचा एक्का खाली पडलेला,
हिरामणच्या हातात तिर्री होती,
आणि त्यानं मेंढी टाकली.

कोणी बोललं नाही.
जावयानं फक्त स्वतःची पानं
पुन्हा एकदा रांगेत लावली.

मी पेन्सिल थुंकीनं ओली केली
आणि लिहिलं: हिरामण, तिर्री.

रविवारी सोमाजी गेडामचं बोलावणं आलं.
पाय गेल्यापासून म्हातारा खाटेवर,
नात अहवाल वाचते, तो चादरीवर पानं मांडतो,
तेराच्या तेरा हात पुन्हा खेळतो, चौघांचेही.
त्याच्या कॅटमधली चौकटची नव्वी हरवलेली,
तिच्या जागी काडेपेटीचा पुठ्ठा.

"बाबू, पाचव्या हातात तिर्री पडली.
अकराव्यात पुन्हा तेच तिर्री.
आन् किलवरची मेंढी कोणत्याच हातात नाही."

मी म्हटलं, चुकलं असेल घाईत.

"माह्यं पान हरवलं तं मी पुठ्ठा ठेवला गा.
तू काय ठेवलं?"

नात माझ्याकडे पाहत होती.
मी जावयाचं सांगितलं.
म्हातारा बराच वेळ पुठ्ठ्याशी खेळत राहिला.
"दया आली तं घरी जेवाले बोलाव त्याले.
कोंबडी काप.
वहीत नोको करू."

रात्री खोडरबरानं कागद विरला,
तिथं जरा जोर देऊन लिहिलं:
पाचवा हात, हिरामण, किलवरची मेंढी.
मग पुन्हा मोजलं. बावन्न.
वजनाच्या बाजूला असं कधी जुळत नाही,
तिथं किलो-दोन किलो कुठंतरी सांडतंच.

सकाळी हिरामण स्वतःच काट्यावर आला.
धान नव्हतं, बैलगाडी नव्हती.
वही मागितली, उभ्यानं वाचली,
बोट पाचव्या हातावर थांबलं.
मी तोवर रिकाम्या काट्यावर
वीस किलोचं माप ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"बरोबर हाये," तो म्हणाला.
"पण त्या टायमाले लाइट गेली होती.
ते नाही लिहिलं तू."

गेली होती का?
मी चहाच्या टपरीवर विचारलं, मंडपवाल्याला विचारलं,
बेबीताईंना विचारलं, सुकेशिनीला वेगळं विचारलं.
तिघं म्हणाले, गेली होती, पापणी लवेस्तोवर.
चौघं म्हणाले, नाही बा.
जावई म्हणाला, गेली असन.

पाचव्या हाताच्या समासात, बारीक अक्षरात:
लाइट. तीन म्हणतात गेली, चार म्हणतात नाही.
जावयाचं मत अजून विचारून घ्यायचं आहे.